जोतिबाच्या घाटात गाडी घसरली तर...

रविवार उजाडला की आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या गाड्या जोतिबाकडे वळतात. कोल्हापुरापासून जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर, दर्शन, मग पन्हाळ्याला झुणका-भाकर. प्लॅन झकास आहे, माझी तक्रार नाही. मी स्वतः मागच्या सीटवर बसून अनेकदा गेले आहे. पण उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. गिअर काढला की इंजिनाचा अटकाव जातो, सगळी ऊर्जा ब्रेकवर येते, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. त्यात माघात खेट्यांना अनवाणी चालणारे भाविक रस्त्यावर असतात, चैत्र यात्रेत तर विचारूच नका.

थोडं गणित करू. ताशी 40 किलोमीटर वेगाने काही आडवं आलं, तर तो मार साधारण सव्वासहा मीटरवरून पडल्याइतका असतो, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून! ताशी 60 ला हीच उंची चौदा मीटरवर जाते. वेग दीडपट, उंची सव्वादोनपट. फर्स्ट इयरचं फिजिक्स, बाकी काही नाही.

आता पडल्यावर काय? आपण काय करतो ते मी घाटात एकदा पाहिलंय. चार जण धावतात, पाणी पाजतात, "बोलतोय रे, काही झालं नाही" म्हणतात आणि त्याला दोघांच्या मध्ये ट्रिपल सीट बसवून खाली आणतात. यातली प्रत्येक गोष्ट घातक आहे.

आधी "बोलतोय" घेऊ. कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि आतून एक रोहिणी जाते. ती फाटली तर हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागतं. सुरुवातीला माणूस चांगला शुद्धीवर असतो, चहासुद्धा मागतो. मग काही तासांत डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, झोप येते, एक बाहुली मोठी दिसते. वेळेवर सीटी स्कॅन होऊन रक्त काढलं तर तो पुष्कळदा पूर्ण बरा होतो. "थकलाय, झोपू दे" म्हणून रूमवर ठेवला, तर सकाळी उठेलच असं नाही.

पाणी नको, कारण ऑपरेशन लागलं तर भूल देताना पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. आणि ट्रिपल सीट तर नकोच. मानेचा मणका मोडला असेल तर एका हिसक्याने मज्जारज्जू कायमचा जातो. मांडीचं हाड (मला कॉन्व्हेंटमुळे आधी फीमरच आठवतं) मोडलं, तर बाहेर थेंबही न दिसता मांडीतच लिटर-दीड लिटर रक्त साठतं. अंगात सगळं मिळून पाचेक लिटर! पाय काठीला किंवा दुसऱ्या पायाला हलकेच बांधून स्थिर केला, की रक्तस्राव आणि वेदना दोन्ही कमी होतात. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, हळद-बिळद काही भरायची नाही. हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, नुसतं झाका. पुढे डॉक्टर जखम धुऊन, अँटिबायोटिक देऊन बाहेरून सळ्यांची चौकट बसवतात. मेकॅनिकलवाल्यांनी एकदा बघावी अशी चीज आहे.

हलवायचं काम 108 च्या रुग्णवाहिकेचं. महाराष्ट्रात ती 2014 पासून मोफत आहे. फर्स्ट एडच्या पुस्तकात सीपीआर म्हणजे छाती दाबणं, कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. दोन्ही लक्षात ठेवा! पोलिसांच्या लफड्याची भीती असेल, तर 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं 134-अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. पैशांचं म्हणाल, तर 2025 च्या केंद्राच्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत.

श्वास नीट चालू असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका. काढावंच लागलं तर एकाने मान धरायची, दुसऱ्याने काढायचं. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्के कमी होतो, असं 2008 च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. हे काम आतला थर्मोकोल स्वतः चेपून करतो, आणि एकदा चेपला की तो परत फुगत नाही. तेव्हा पडलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसलं, तरी फर्स्ट इयरच्या पोराला निम्म्या किमतीत विकू नका.