सोलरचा धंदा: आधी लाईट बिल बघा, मग गच्ची



सावेडीत पाइपलाइन रोडने किंवा गुलमोहर रोडने चक्कर मारा आणि जरा मान वर करून बघा. बंगल्यांच्या गच्च्यांवर सोलर पॅनेल दिसतील. ते बघून बरेच जण विचारतात, "सर, सोलर फिटिंगचा धंदा सुरू करू का?" करा की! पण एक लक्षात घ्या. पॅनेल दोन-तीन दिवसांत बसतात, पैसे मात्र कागद पूर्ण झाल्यावरच मोकळे होतात. व्हिडिओत हा भाग घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

योजना थोडक्यात अशी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना आली. घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टीमला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान मिळतं. तीनच्या पुढे कितीही वाढवा, रक्कम तीच. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा आणि गच्चीवर साधारण १०० चौरस फूट जागा.

आता ग्राहकाच्या घरी गेलात. नवीन मुलं टेप घेऊन थेट गच्चीवर पळतात. तुम्ही आधी खाली बसा, चहा घ्या आणि लाईट बिल मागा.

बिलावरचं नाव बघा. जुन्या प्लॉटवरच्या घरांत बिल अजून वडिलांच्या नावावर असतं आणि वडील जाऊन दहा वर्षं झालेली असतात. अर्ज त्या ग्राहक क्रमांकावर होतो, अनुदान मात्र बँक खात्यात जमा होतं. दोन्हीकडची नावं जुळली नाहीत की फाइल तिथेच अडते. मग पॅनेल बसलेले, वीज तयार व्हायला सज्ज, आणि ग्राहक रोज फोन करून तुम्हालाच विचारतो, "माझे पैसे कुठायत?" म्हणून आधी महावितरणकडे नावबदल करून घ्या. काम पंधरा दिवस उशिरा सुरू झालं तरी चालेल, पण हे पहिल्याच भेटीत सांगा.

मग मंजूर भार बघा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांप्रमाणे नेट मीटरवरच्या सोलरची क्षमता मंजूर भाराच्या आत असावी लागते. जुन्या घरांचा भार कमी असतो आणि मालकाला हवं असतं ३ किलोवॅट. घाबरू नका. २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही आणि गरजेपुरता भारही त्याबरोबरच वाढवून मिळतो.

पुढचा क्रम सरळ आहे. पोर्टलवर अर्ज, नोंदणीकृत व्हेंडरची निवड, बसवणी, नेट मीटर, महावितरणची पाहणी, आणि शेवटी ग्राहकाने पोर्टलवर बँक खातं भरायचं. मगच अनुदान. पॅनेल मात्र भारतीय सेलचेच, म्हणजे डीसीआर हवेत. स्वस्तातले दुसरे लावले तर अनुदान विसरा.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. अनुदान ग्राहकाच्या खात्यात जातं, तुमच्या नाही. स्पर्धेत काम मिळवायला काही जण म्हणतात, "काका, अनुदानाचे पैसे आले की द्या." समजा अशी दहा घरं केलीत. ७८ हजार गुणिले दहा, म्हणजे ७ लाख ८० हजार तुमचे अडकले. पॅनेलवाला डीलर थांबणार आहे का? त्यापेक्षा ग्राहकाला राष्ट्रीयीकृत बँकेचं योजनेतलं कर्ज करून द्या. ३ किलोवॅटपर्यंत ते विनातारण मिळतं. त्या फाइलसाठी बँकेत दोन चकरा मारायला लागल्या तर मारा.

विक्री करताना खोटं बोलू नका, विशेषतः लाईट गेल्यावर काय होतं याबद्दल. बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड सिस्टीम वीज गेली की आपोआप बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठीच ती तशी बनवलेली असते. आणि बिल "शून्य" होतं असंही म्हणू नका, स्थिर आकार राहतोच. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, हिशेब आर्थिक वर्षाअखेरीस, ३१ मार्चला होतो.

अजून एक गंमत. सावेडीत ज्यांचा मुलगा परदेशात आहे असे काका हमखास भेटतात. "आमचा पोरगा जर्मनीत बाल्कनीत पॅनेल लावून सरळ प्लगमध्ये घालतो, तुम्ही एवढे कागद का मागता?" पोराचं खरं आहे. तिथे ८०० वॅटपर्यंतच्या इन्व्हर्टरला तशी मुभा आहे, पण त्यालाही सरकारी नोंदवहीत ऑनलाइन नोंद करावीच लागते. इंग्लंडमध्ये ग्रिडला दिलेल्या विजेचे पैसे हवे असतील, तर साधारणपणे प्रमाणित इन्स्टॉलरचंच काम लागतं. आपल्याकडे ग्रिडला जोडायचं तर महावितरणची मंजुरी हवी. काकांना हे शांतपणे सांगितलंत तर ऑर्डर तुमचीच.

व्हेंडर नोंदणी लगेच जमणार नसेल तर नोंदणी असलेल्याकडे स्ट्रक्चर आणि वायरिंगची कामं घ्या. फॅब्रिकेशनवाल्यांना इथे चांगली संधी आहे, कारण उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड वाळवायचे म्हणून बहुतेक घरी उंच स्ट्रक्चर मागतात. स्वतःची नोंदणी झाली की पाच वर्षांची देखभाल तुमच्या गळ्यात येते. तिचा खर्च कोटेशनमध्ये आधीच धरा. आणि त्याच कोटेशनच्या खाली स्पष्ट लिहा: अनुदान ग्राहकाच्या खात्यात थेट जमा होईल, पूर्ण रक्कम नेट मीटर बसण्याआधी देय. खाली ग्राहकाची सही घ्या.