शाम्पूतला ‘पीच’ येतो कुठून? उत्तर आहे एरंडाच्या बियांत!

पीच शाम्पू, पीच बॉडी मिस्ट, पीच आइस टी. बाटलीवर रसाळ फळाचा फोटो आणि झाकण उघडलं की दुधाच्या सायीसारखा मऊ, गोड वास. मागचं लेबल मात्र वाचून पाहा. शाम्पूवर त्या वासासाठी बहुधा एकच शब्द असतो : ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’.

या शब्दाआड लपणाऱ्या रसायनांपैकी पीचच्या वासासाठी सर्वांत प्रसिद्ध आहे गॅमा-अनडेकालॅक्टोन.

नावातच घोळ

परफ्यूमच्या धंद्यात याला ‘अल्डिहाइड सी-१४’ म्हणतात. गंमत म्हणजे हे अल्डिहाइड नाही आणि यात कार्बनचे अणू १४ नाहीत, ११ आहेत. हा आहे लॅक्टोन, म्हणजे स्वतःचंच शेपूट पकडून कडं केलेला रेणू. (परीक्षेत असं लिहिलं असतं तर शून्य मिळालं असतं, धंद्यात मात्र शंभर वर्षं चाललंय.) नारळाच्या वासाचा ‘सी-१८’ हाही असाच, प्रत्यक्षात ९ कार्बनचा लॅक्टोन.

१९१९ मध्ये पॅरिसच्या जॅक गेर्लां यांनी ‘मित्सुको’ परफ्यूममध्ये तो वापरला आणि पीच परफ्यूमच्या जगात कायमचा आला. हा रेणू सहज उडून जात नाही, त्यामुळे वास कातडीवर बराच वेळ रेंगाळतो.

एरंडाचं काय काम?

‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हणत आपण ज्याची टिंगल करतो, तोच इथे खरा बळी. एरंडेल तेलात बहुतांश रिसिनोलेइक आम्ल असतं. त्यापासून बनवलेलं एस्टर प्रचंड तापवलं की रेणूचे दोन तुकडे होतात. ११ कार्बनच्या तुकड्यापासून अनडेसिलेनिक आम्ल मिळतं. ते सल्फ्युरिक आम्लासोबत तापवलं की तयार होतो पीचचा वास. ७ कार्बनचा दुसरा तुकडाही वाया जात नाही, त्यापासून मोगऱ्या-जाईच्या वळणाचा सुगंध बनवतात. जगात सर्वाधिक एरंड भारतात पिकतो आणि त्यातला मोठा वाटा गुजरातचा.

मग ‘नॅचरल’ म्हणजे काय?

खऱ्या पीचच्या वासात मुख्य असतो याचाच १० कार्बनचा भाऊ, गॅमा-डेकालॅक्टोन. फळातून तो काढणं परवडत नाही, कारण प्रमाण अगदीच किरकोळ. म्हणून कंपन्या यारोविया नावाच्या यीस्टला एरंडेलातलं आम्ल खाऊ घालतात. यीस्ट १८ कार्बनची साखळी दोन-दोन कार्बन कुरतडत १० वर आणतं. युरोप-अमेरिकेच्या नियमांत हा माल ‘नॅचरल’ ठरतो. हाच रेणू कारखान्यात रसायनांपासून बनवला तर तो शिक्का मिळत नाही आणि भावही बराच कमी येतो. नाकाला दोन्हींतला फरक सहसा कळत नाही.

थोडक्यात, तिकडच्या पाकिटावर ‘नॅचरल फ्लेवर’ लिहिलं असेल तर ते खोटं नाही. फक्त त्यात पीच असेलच असं नाही.