नाणेघाटापासून जुन्नर पाहावें

जुन्नरास जाणारे बहुतेक प्रवासी शिवनेरी चढतात, लेण्याद्रीस गिरिजात्मजाचें दर्शन घेतात आणि परततात. माझी सूचना अशी कीं, आरंभ नाणेघाटापासून करावा. म्हणजे याच मुलखांत किल्ल्यांची व लेण्यांची एवढी दाटी कां, याचा उलगडा होतो.

सुमारें २००० वर्षांपूर्वीं कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल या घाटानें वर येई आणि जुन्नरावरून पैठणाकडे जाई. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें परंपरा सांगते. या वाटेवर नजर ठेवण्यास जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी हे किल्ले उभे राहिले. व्यापारी व इतर गृहस्थ यांच्या दानांतून बौद्ध भिक्षूंसाठीं लेणीं कोरलीं गेलीं. दात्यांत यवनहि आहेत. गिरिजात्मजाचें देऊळ अशाच एका लेण्यांत आहे. ज्या शिवनेरीवर १६३० सालीं शिवाजीमहाराज जन्मले, तिच्या कड्यांतहि लेणीं आहेत.

घाटांतील गुहेंत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांचे आंकडे त्यांत असून, आपल्या कांहीं अंकांचीं जुनीं रूपें तेथें दिसतात. मागच्या भिंतीवर राजकुलाच्या मूर्ति होत्या. आज पायांच्या खुणा व कोरलेलीं कांहीं नांवें तेवढीं उरलीं आहेत.

दक्षिणेस लागूनच आंबेगांव तालुका आहे. त्या बाजूस भीमाशंकराचें ज्योतिर्लिंग, भीमेचा उगम आणि शेकरू या मोठ्या खारीचें अरण्य आहे. १९८५ सालीं तें अभयारण्य झालें. परंतु ज्या गांवावरून तालुक्यास नांव मिळालें, तें जुनें आंबेगांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. आंबेगांव हें नांव मात्र टिकलें.

तें गांव बुडालें, तें शेतांस पाणी मिळावें म्हणून. पण प्राचीन लेखावर खिळ्यानें स्वतःचें नांव कोरण्यांत कोणाचें हित? एक अक्षर झिजलें, तर तें पुन्हा कोण लिहिणार?

पावसाळ्यांत घाटमाथा धुक्यांत बुडालेला असतो व वाटा निसरड्या होतात. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षांत जावें. मुलांस सोबत न्यावें, तीं अक्षरें दुरून दाखवावींत, आणि भिंतीस हात लावूं देऊं नये.