पारगावच्या पुलापलीकडची टेस्ट ड्राइव्ह

शिरूर तालुक्यातून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालं, की पारगावला भीमा ओलांडून आपण दौंडात शिरतो. अलीकडच्या गाड्या एमएच-१२, पलीकडच्या एमएच-४२. ऊस आणि हंगामातल्या जोडट्रॉल्या मात्र दोन्हीकडे सारख्याच. इथं भारी गाडी म्हणजे उंच गाडी, हे जवळपास ठरलेलं. त्यामुळे पलीकडच्या एका बागायतदार घरातल्या मुलानं सेडान हवी, तीही पळणारी, असा हट्ट धरला तेव्हा थोरल्यांना, त्यातही आबांना, ते पटेना.

खरं तर पळणारी सेडान या भागाला परकी नाही. शिरूर तालुक्यातल्याच रांजणगाव एमआयडीसीत फियाटची लिनिया बनायची. तिच्या टी-जेटमध्ये १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं, ११४ पीएसचं. तिचं जड, ठाम स्टिअरिंग ज्याच्या हाताला एकदा कळलं, त्याला वळणावर उंच गाडीचं डुलणं सोसत नाही. या मुलाचंही तेच झालं होतं.

त्याच्या मनात बीएमडब्ल्यू एम३४०आय होती. मार्च २०२१ मध्ये भारतात आलेली, चेन्नईत जोडलेली, तीन लिटर सहा सिलिंडरची, ३८७ अश्वशक्तीची. थांबल्या जागेवरून शंभराचा वेग ४.४ सेकंदांत. तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ६२.९० लाख. त्यावर महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स धरला, तर तोच ८ लाख १७ हजार ७०० होतो. कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्के. म्हणून पुण्यातली एक वापरलेली गाडी बघायचं ठरलं आणि मी सोबत गेलो.

मालकाला आधीच सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री केली, मगच स्टार्टर दाबला. गरम इंजिन बरंच काही लपवतं. रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरनं मागच्या एका दारावर बाकीच्यांपेक्षा जास्त आकडा दाखवला. म्हणजे ते दार नंतर रंगवलेलं. टायरच्या कडेवरच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. मागचे टायर आतल्या कडेला जास्त झिजले होते. वरून उभ्यानं पाहणाऱ्याला ते दिसलंच नसतं.

मग गाडी लिफ्टवर घेतली. माझ्या मते निम्मा सौदा इथंच ठरतो. पोटाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर समोरून खरवडलेलं होतं, ओरखडे लांबीच्या दिशेनं: गतिरोधकाचे. एका कोपऱ्यात मूळ स्क्रूच्या जागी बाजारातला स्क्रू. पण तेलाची ओल नव्हती, सस्पेन्शनचे रबर धड होते, पत्रा कुठं चेपलेला नव्हता. स्कॅनर लावला, तर जुन्या तक्रारी नुकत्याच पुसल्याची खूणही नव्हती. मालकानं गाडी पळवली होती, पण जपलीही होती.

इथवर सगळे जण करतात. पुढचं मी आग्रहानं करायला लावतो: गाडी आपल्या रस्त्यावर आणायची. मालकाला शेजारी बसवून आम्ही सोलापूर रस्त्यानं यवतच्या पुढे चौफुल्याला वळलो. मोठ्या रस्त्यावर अशा गाडीचं काही कळत नाही. शंभराला ती आळसावलेली असते. पारगावच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली आडवी आली, समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला, आणि मुलगा दोन दमांत पुढे जाऊन आपल्या बाजूला परतही आला. विरुद्ध बाजूला कमीत कमी वेळ राहायचं, ही त्या ताकदीची खरी किंमत आहे. शंभराचे सेकंद मोजून ती कळत नाही.

वस्तीच्या फाट्यावर घरची माणसं बसवली. पाच जण बसले, की गाडी दबते आणि रिकाम्या गाडीनं दिलेलं आश्वासन बदलतं. शाळेजवळच्या गतिरोधकावर सरळ घातली तेव्हा पोट घासलं. तिरकी, एकेक चाक चढवत नेली तेव्हा सुटली. "दादा, रोज अशीच न्यावी लागंल," मी म्हणालो. उतरताना आजीचे गुडघे अडले, दाराला धरून म्हणाल्या, "लई खाली हाय रं ही." त्यांच्यासाठी घरातली उंच गाडी राहणार, हे तिथंच ठरलं, आणि मग आबांचा विरोधही मावळला.

किमतीतून मागचे दोन टायर, खालचं कव्हर आणि व्हील अलाइनमेंट वजा करून घेतलं. गाडीवर बँकेचा बोजा होता, तो सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदीत दिसत होता. म्हणून टोकन देऊन थांबलो. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, तरी बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात पडेपर्यंत उरलेली रक्कम द्यायची नाही, असं आबांनी मालकाला तोंडावर, पण नमस्कार करून सांगितलं.