ठेका जुळला, पट्टीचे काय?

एक गाणे संपण्याआधी दुसरे सुरू करायचे, दोन्ही थोडा वेळ एकत्र वाजवायचे आणि नाचणाऱ्यांचे पाय न थांबवता पहिल्यातून दुसऱ्यात जायचे, हे डीजेचे मूळ काम. यात लय जुळलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मिनिटाला 100 ठोक्यांच्या गाण्यावर 108 ठोक्यांचे गाणे तसेच चढवले, तर काही सेकंदांत ठोके एकमेकांत अडकतात आणि संगीत न शिकलेल्यालाही ते कळते. मतभेद आहेत ते पट्टीबद्दल. दोन्ही गाण्यांचे सूरही जुळवले पाहिजेत का? कोल्हापुरात हा प्रश्न दोन टोकांनी तपासता येतो. गणेशविसर्जनाला महाद्वार रोडवरून जाणारी ‘डॉल्बी’ इथलीच आणि दोन रागांचा एक राग करून गाणाऱ्या जयपूर-अत्रौली घराण्याची कर्मभूमीही हीच.

पेटीवर एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बारा पट्ट्या असतात. गायक ज्या पट्टीला षड्ज धरतो, ती त्याची पट्टी. पुरुष गायक साधारण काळी एक-काळी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-काळी पाचच्या आसपास. पाश्चात्त्य पद्धतीत षड्जाबरोबर स्वरांचा संचही सांगतात. मेजर म्हणजे ढोबळमानाने बिलावल थाट, मायनर म्हणजे आसावरी. बारा षड्ज आणि प्रत्येकाचे हे दोन संच मिळून चोवीस पट्ट्या होतात. डीजेची उपकरणे गाण्यापुढे जी पट्टी दाखवतात, ती या चोवीसांपैकी एक असते.

दोन गाण्यांचे सूर जमतात की नाही, हे त्यांच्यात किती स्वर सामाईक आहेत यावर बरेचसे ठरते. पांढरी एकचा मेजर संच आणि तिच्या पंचमाचा, म्हणजे पांढरी पाचचा मेजर संच घेतला, तर सातपैकी सहा स्वर तेच निघतात. पांढरी एक आणि तिला खेटून असलेली काळी एक घेतली, तर सातपैकी फक्त दोन. पेटीवर शेजारी असलेल्या पट्ट्या सुरांच्या नात्याने फार लांबच्या असतात. अशा दोन पट्ट्यांतल्या चाली एकाच वेळी वाजल्या की अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे सूर एकमेकांना घासतात आणि ऐकणाऱ्याला काहीतरी बेसूर चालल्याचे जाणवते, कारण सांगता आले नाही तरी.

हे नाते लक्षात ठेवायला डीजे ‘कॅमेलॉट’ चक्र वापरतात. घड्याळाच्या तबकडीसारख्या या चक्रावर 1 ते 12 आकडे असतात. मायनर पट्ट्यांना ‘ए’ आणि मेजर पट्ट्यांना ‘बी’ हे अक्षर लावतात. पांढरी एकची मेजर पट्टी म्हणजे 8 बी. तिच्यानंतर त्याच आकड्याची 8 ए किंवा शेजारच्या 7 बी आणि 9 बी या पट्ट्यांतले गाणे घ्यावे, असा साधा नियम आहे. स्वरशास्त्र न शिकताही तो पाळता येतो, म्हणून तो जगभर रुजला.

हिंदुस्थानी संगीत जाणणाऱ्याला यात मूर्च्छनेचे तत्त्व ओळखू येईल. भूपाचे सा रे ग प ध हे पाच स्वर तसेच ठेवून पंचमाला षड्ज मानले, तर दुर्गा होतो. धैवताला षड्ज मानले, तर धानी. म्हणून पांढरी एकमधल्या भूपाच्या गाण्यावर पांढरी पाचमधल्या दुर्गाचे किंवा पांढरी सहामधल्या धानीचे गाणे चढवले, तर षड्ज वेगळे असूनही परका सूर एकही येत नाही. चक्राच्या भाषेत या तीन पट्ट्या अनुक्रमे 8 बी, 9 बी आणि 8 ए भरतात.

याच्या उलट, षड्ज एक ठेवून स्वर बदलण्याची कला कोल्हापूरने अधिक ऐकली आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ (1855–1946) शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारचे गायक होते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. जोडराग ही या घराण्याची खासियत आणि बसंती केदार हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. बसंतात ऋषभ-धैवत कोमल, केदारात दोन्ही शुद्ध. मात्र दोन्ही मध्यम दोन्ही रागांत आहेत. असे सामाईक स्वर पायरीसारखे वापरून गायक एका रागातून दुसऱ्यात जातो. कोमल धैवत आणि शुद्ध धैवत एकाच बंदिशीत येतात, पण एकापाठोपाठ, आणि तंबोऱ्यावरचा षड्ज हलत नाही. डीजेच्या जोडकामात हेच दोन धैवत एकाच क्षणी वाजू शकतात. एकामागून एक आलेले भिन्न सूर कान सहज स्वीकारतो. एकाच वेळी वाजलेले स्वीकारत नाही. पट्टी जुळवावी की नाही, याचा निकाल या फरकात आहे.

मिरवणुकीतल्या वाद्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. हलगी, घुमकं, कैताळ यांचा ताफा असो वा ढोल-ताशाचे पथक, त्यांना गायकाच्या पट्टीला मिळवायचा प्रश्न नसतो. एका गाण्याच्या शेवटी नुसता ठेका उरला असेल आणि दुसऱ्याची सुरुवातही नुसत्या ठेक्याने होत असेल, तर सांध्याच्या वेळी भांडायला सूरच नसतात. विसर्जन मिरवणुकीसाठी तयार केलेल्या रिमिक्सना पुढेमागे असा ठेक्याचा लांब तुकडा मुद्दाम जोडतात, तो यासाठीच. तिथे लय, ठेक्याची जात आणि आवाजाचा भार जुळला की काम भागते. भजनाचे उलट आहे. पखवाज एकदा पट्टीला मिळवला की मंडळ एका अभंगातून दुसऱ्यात त्याच पट्टीत जाते, कारण पेटी, पखवाज आणि गळा अखंड सुरात असतात.

पट्टी जुळवण्यात तांत्रिक अडचणीही आहेत. तबकडी किंवा टेप वेगाने फिरवली की लयीबरोबर सूरही चढतो. सुमारे 6 टक्के वेग वाढला की पट्टी अर्ध्या स्वराने वर जाते. 100 ठोक्यांचे पांढरी एकमधले गाणे 106 ठोक्यांवर नेले की ते काळी एकचे होते. वेग 3 टक्केच वाढवला, तर ते दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये लटकते आणि पेटीवरच्या कोणत्याच पट्टीशी जुळत नाही. आजच्या उपकरणांत सूर न हलवता वेग बदलण्याची सोय असते, पण फार ताणल्यास आवाज चिरकतो किंवा थरथरतो. जुन्या ध्वनिमुद्रणांतली गाणी मुळातच अनेकदा दोन पट्ट्यांच्या मध्ये असतात.

दुसरी अडचण पट्टी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची. ते प्रत्येक गाणे मेजर-मायनरच्या चोवीस खणांत बसवते. पांढरी एकमधल्या भैरवीचे सातही मुख्य स्वर काळी चारच्या मेजर संचाशी जुळतात, त्यामुळे पडद्यावर 4 बी असे उत्तर येऊ शकते. षड्ज चुकला तरी स्वर बरोबर असल्याने अशा उत्तराने काम निभावते. भैरव किंवा मारव्यातले गाणे मात्र कोणत्याच खणात धड बसत नाही आणि तिथे पडद्यावरच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. मराठी-हिंदी गाणी वाजवणाऱ्याने म्हणूनच आकडा पाहावा, पण सांधा आधी हेडफोनवर ऐकून घ्यावा.

पट्ट्या जुळत नसताना तेच गाणे लावायचे असेल, तरी मार्ग आहेत. पहिल्या गाण्यातला गळा आणि वाद्ये थांबून ठेका उरेपर्यंत वाट पाहता येते. दोन बेस एकत्र वाजले की सगळा आवाज गढूळ होतो, म्हणून एका गाण्याचा खर्ज कमी करता येतो. सांधा चार आवर्तनांऐवजी एका समेवर उरकता येतो किंवा पहिले गाणे समेवर तोडून दुसरे थेट सुरू करता येते. उलट, सतत शेजारच्याच पट्ट्यांत फिरणारा गाण्यांचा संच गुळगुळीत होतो खरा, पण तासाभराने एकसुरी वाटू लागतो. अधूनमधून षड्जाने उडी घेतली की गर्दी नव्याने जागी होते.

तेव्हा नियम साधा ठेवावा. दोन गळे किंवा दोन चाली एकत्र ऐकू येणार असतील, तर पट्टी जुळवलीच पाहिजे. सांध्यात नुसता ठेका असेल, तर तिची चिंता नको. गाण्याची निवड मात्र प्रसंग आणि समोरची माणसे पाहूनच करावी. चुकीच्या वेळी लावलेले गाणे केवळ पट्टी जुळली म्हणून रंगत नाही.