दोन डोंगरांमधला सूर्य

तिसरीतल्या मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ असं सांगून बघा. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, डोंगरांतून निघालेली नदी, काठावर कौलारू झोपडी, एक माड आणि वर चार पक्षी. बीडच्या मुलानं काढलं तरी हेच आणि नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरच्या मुलानं काढलं तरी हेच. बेलापूरच्या मुलाला तर घराबाहेर पडलं की पारसिकची टेकडी दिसते. ती आडवी, लांबच लांब आहे, त्रिकोणी मुळीच नाही. पावसात ती हिरवीगार होते, ओहोळ उतरायला लागतात, आणि मार्चपर्यंत गवत वाळून तिचा रंग पार पालटतो. ती रोज समोर असते, पण कागदावर कधी येत नाही.

याचं कारण मुलांमध्ये नाही. कुणीतरी फळ्यावर ते डोंगर काढून दाखवलेले असतात, ‘छान’ असा शेरा मिळालेला असतो, आणि मूल तोच शेरा पुन्हा मिळवायला बघतं. मुलांच्या चित्रकलेचा अभ्यास केलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये आपल्या पुस्तकात या चित्रकलेचे वयानुसार टप्पे मांडले. साधारण सात ते नऊ वर्षांचं मूल प्रत्येक गोष्टीसाठी स्वतःची एक खूण ठरवतं. माणूस असा, झाड असं, घर असं. कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढून सगळ्यांना तिच्यावर उभं करतं. घराची भिंत काढूनही आतली आई, गॅस, पंखा दाखवतं. मोठ्यांना ती चूक वाटते. मुलाच्या दृष्टीनं ते घराबद्दलचं संपूर्ण ज्ञान असतं. या वयात आपण तयार खूण हातात दिली, तर स्वतःची खूण घडवायचं काम तिथेच थांबतं. छापील चित्रात रंग भरायच्या वह्यांना लोवेनफेल्ड यांचा विरोध होता, तो यासाठीच.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्राथमिक शाळेतला कलेचा उपक्रम मुलाच्या पायाखालच्या जागेपासून सुरू व्हावा. बेलापूर त्यासाठी फार चांगली जागा आहे.

सेक्टर 8 मधलं आर्टिस्ट व्हिलेज घ्या. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी रचलेली ही वसाहत. साधारण साडेपाच हेक्टरांत साडेपाचशे घरांची योजना. जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी तिचा नकाशा अभ्यासतात, आणि तो नकाशा चौथीतल्या मुलाला काडेपेट्यांनी मांडता येतो. एका चौकाभोवती सात घरं. चौक आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. अशा तीन गटांची एकवीस घरं मिळून बारा मीटरांचा मोठा चौक. मीटरला सेंटिमीटर धरला, तर पुठ्ठ्यावर आठ सेंटिमीटरांचा चौकोन आखायचा आणि भोवती सात काडेपेट्या लावायच्या.

एक अट मात्र सांगायची: कोणतीही पेटी दुसरीला चिकटता कामा नये. मूळ रचनेत दोन घरांची भिंत सामाईक नाही, कारण कुटुंब वाढलं की घर वाढवायला जागा हवी, हा त्यामागचा विचार होता. पेट्या सुट्या ठेवायला लागलं, की मुलांच्या हातात खरे प्रश्न येतात. दार चौकाकडे की गल्लीकडे? सातव्या घरातली आजी बाहेर कुठून येणार? सायकल कुठे लावायची? क्रिकेट कुठल्या चौकात खेळायचं, आठच्या की बाराच्या? उत्तर देण्यासाठी पेट्या सरकवाव्या लागतात, पुन्हा मोजावं लागतं. गणित, भूगोल आणि चित्रकला असे तीन वेगळे तास लागत नाहीत. मग मुलांना प्रत्यक्ष त्या गल्ल्यांतून फिरवून आणावं. आज तिथली बरीच घरं पाडून नव्यानं बांधलेली आहेत. तेही मुलांना दिसेल, आणि काहीजण शाळेत परतल्यावर एका पेटीवर दुसरी पेटी चढवतील. चढवू द्यावी.

अशा उपक्रमांना पैसा लागत नाही, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालवल्या, तेव्हा परदेशी माँटेसरी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली. बेलापुरातही तळहाताएवढं पान, त्यावर पातळ कागद आणि आडवा धरलेला मेणखडू एवढं पुरतं. हलक्या हातानं घासलं, की आधी मधली शीर उमटते, मग तिच्या फांद्या, मग अगदी बारीक जाळी. पिंपळाची जाळी आणि आंब्याची जाळी वेगळी निघते. मुलं ती ओळखायला लागतात. फुटपाथचे ब्लॉक, झाडाची साल, गटाराचं लोखंडी झाकणही असंच उमटवता येतं.

वारली चित्रकलेबद्दल मात्र एक काळजी वाटते. चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नात भिंतीवर काढायच्या चौकातून कागदावर आणलेली ही चित्रकला आज शाळाशाळांतून शिकवली जाते, पण बहुतेक ठिकाणी दोन त्रिकोणांचा माणूस आणि तारप्याचा नाच एवढीच. म्हणजे पुन्हा फळ्यावरचे दोन डोंगर! म्हसे यांनी स्वतःच्या अवतीभवतीची शेती, मासेमारी, मुंग्या रंगवल्या. मग आपल्या मुलांनी गेरूच्या कागदावर दिवाळे कोळीवाड्यातल्या होड्या, लोकलला लोंबकळणारी माणसं, शाळेची बस का रंगवू नये?

आणि दिवाळीचा किल्ला. मराठी मुलांचा याहून मोठा कलाप्रकल्प मला माहीत नाही. दगड, माती, गोणपाट, पेरलेलं अळीव किंवा मोहरी, सगळ्या गल्लीतल्या मुलांचे हात. चौथीला शिवछत्रपती अभ्यासाला असतात, त्यामुळे रायगड-प्रतापगड दरवर्षी होतात. बेलापूरच्या मुलांनी एखाद्या वर्षी बेलापूरचा किल्ला करावा. चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला, पुढे इंग्रजांकडे गेलेला हा खाडीकाठचा किल्ला आज पडका आहे. पडका बुरूज मातीत घडवायचा, तर आधी जाऊन नीट बघावा लागतो.

शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती. येत्या जूनपासून मुलाला दर महिन्याला एकदा त्याच जागी बसवून पारसिकची टेकडी काढायला सांगा. मार्चपर्यंत दहा चित्रं होतील. त्याच्या कागदावर आपली रेघ ओढू नका, खोडरबरही हातात घेऊ नका. चित्र झालं की मागे तारीख घाला, आणि मूल त्याबद्दल काय सांगतं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.