शेळी विकताना घाई नको, करडू जगवताना हयगय नको

मजुरीवर पोट असलेल्या घरात शेळी म्हणजे दारात बांधलेली पुंजी. आजारपण निघाले, पोराची फी भरायची आली, की पहिली नजर तिच्याकडे जाते. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या भरल्या. त्यांतील बहुतेक भूमिहीन व अल्पभूधारकांच्या दारी आहेत आणि त्यांची उस्तवार बहुधा घरची बाईच करते.

धाराशिव, लातूर, सोलापूर भागांतील उस्मानाबादी शेळी काटक आणि जुळी देणारी. गाभणकाळ पाच महिन्यांचा. निगा नीट असेल तर दोन वर्षांत तीन वेत मिळतात. वेताला दोन धरली तर सहा करडे झाली. त्यांतील दोन दगावली, की तिसरा हिस्सा उत्पन्न गेले.

पहिला तास मोलाचा

करडू जन्मताच नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. वार पडेपर्यंत थांबू नये. तासाभराच्या आत चीक पाजावा. रोगाशी झुंजण्याची ताकद त्याला चिकातूनच मिळते. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर करडे बसू देऊ नयेत. फळ्यांचा किंवा बांबूचा उंचवटा करावा.

लस वेळेवर

आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. या रोगात सायंकाळी धडधाकट दिसणारे जनावर सकाळी मेलेले आढळते. मग औषधाला वेळच उरत नाही. पीपीआर, म्हणजे शेळ्यांची बुळकांडी, अख्खा कळप बसवते. तिची लस करडू चार महिन्यांचे झाल्यावर द्यावी. जंताचे औषध पावसाळ्याआधी व नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाजावे.

चांगला बोकड राखा

आपल्याकडे उलटा व्यवहार चालतो. अंगाने भरलेला बोकड आधी बाजारात जातो आणि खुरटा मागे राहून पैदाशीला वापरला जातो. त्याचीच पिल्ले पुढे हलकी निपजतात. जुळ्यातला, चांगल्या दुधाच्या शेळीचा एक बोकड चार-पाच घरांनी मिळून सांभाळावा. तो पंचवीस शेळ्यांना पुरतो. दोन वर्षांनी बदलावा, नाहीतर बापलेकीचा संकर होतो.

विक्री वजनावर

व्यापारी कंबर चाचपून भाव सांगतो. त्याचा हात मुरलेला असतो, आपला नसतो. म्हणून घरीच वजन करून मग बाजाराला जावे. बकरी ईदला वर्ष पूर्ण झालेला, अव्यंग बोकड लागतो. हा सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. हिशेब त्याप्रमाणे धरावा.

गाभण शेळी मात्र अडीनडीलाही विकू नये. तिच्याबरोबर पोटातली करडे आणि पुढची वेतेही जातात. विकायचेच झाले तर बोकड विकावा. त्यासाठी एक बोकड नेहमी हाताशी राहील, अशी आखणी करावी. आणि शेळीचा पैसा जिने चारापाणी केले, तिला विचारूनच खर्चावा.